शाळेला यंत्र हवे की पाण्याची निगा?

जूनमध्ये शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. त्याच सुमारास पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरींत उतरते आणि गावोगाव गॅस्ट्रोचे रुग्ण दिसू लागतात. सुटीभर बंद राहिलेली शाळेची टाकी मात्र अनेकदा न धुताच भरली जाते. सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेवर घातलेली अट आहे. जलजीवन मिशनने २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्यासाठी शंभर दिवसांची मोहीमही घेतली. त्या नळाला येणारे पाणी पिण्याजोगे आहे का, असे विचारले की देणगीदारांपासून लोकप्रतिनिधींपर्यंत बहुतेकांना आरओ यंत्रच सुचते.

काही भागांत ते योग्यच आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात क्लोरीनने क्षार जाणार नाहीत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. बहुतेक कायमच्या दातांचे एनॅमल आठव्या वर्षापर्यंत घडत असते. त्या वयात फ्लोराइडने पडलेले डाग आयुष्यभर राहतात. अशा गावांत कमी फ्लोराइडची विहीर मिळत नसेल, तर यंत्र बसवायलाच हवे, आणि त्याच्या देखभालीचा खर्च जिल्हा परिषदेने उचलायला हवा.

इतरत्र खरा धोका जंतूंचा असतो. यंत्र जंतू अडवते, पण त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. साठवणीची टाकी किंवा तोटी अस्वच्छ असली की ते पुन्हा दूषित होते. यंत्र बरेच पाणी वायाही घालवते, आणि टँकरवर जगणाऱ्या गावाला ते परवडत नाही. त्यात फिल्टर बदलणे आले, वीजबिल आले. शंभर पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान मिळते जास्तीत जास्त २५ हजार. त्यातूनच खडू, दुरुस्ती आणि स्वच्छताही भागवायची.

टाकी धुणे, टीसीएल पावडर टाकणे आणि शेवटच्या तोटीवर ओटी टेस्ट करून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन आहे का ते पाहणे, हे यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पण हे काम माणसांवर अवलंबून असते. गावचा जलसुरक्षक तुटपुंज्या मानधनावर राबतो, मुख्याध्यापकांच्या डोक्यावर पोषण आहारापासून ऑनलाइन माहितीपर्यंत कामे असतात, आणि क्लोरीनचा वास आला की मुले पाणी नाकारतात. या अडचणी खऱ्या आहेत. तरीही आमचा कौल निगेलाच आहे. यंत्र आणले तरी निगा चुकत नाही, ती महाग मात्र होते. म्हणून जलसुरक्षकाचे मानधन वाढवावे आणि शाळेच्या टाकीची जबाबदारी ग्रामपंचायतीने लेखी घ्यावी.

स्वच्छतागृहाचा प्रश्नही याच खर्चात धरायला हवा. ते वापरण्याजोगे नसले की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग ते कितीही शुद्ध असो.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्याच बैठकीत टाकी शेवटची कधी धुतली याची तारीख आणि ओटी टेस्टची नोंदवही मागावी.