अळवावरचे पाणी आणि भातावरचा फवारा



'दोन पंप औषध मारले, तरी तुडतुडे हटले नाहीत,' ही तक्रार दर पावसाळ्यात पनवेलच्या खारपट्ट्यातून ऐकू येते. पहिला संशय दुकानदारावर जातो. कधी तो खराही ठरतो. पण पुष्कळदा औषध चांगले असते, ते पानावर थांबलेलेच नसते.

अळवावरचे पाणी तुम्ही पाहिले आहे. भाताच्या पानाचा कारभार तसाच. पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा राहते. म्हणून तो पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. भाताच्या पानावर हे उंचवटे लांबीच्या ओळींत असल्याने थेंब उभा सहज पळतो, आडवा तितका नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राची 'पनवेल-३' लावा की आणखी कोणती, पान भाताचेच.

विद्यापीठांतली विद्वान मंडळी या थेंबांची समीकरणे मांडतात, हे ऐकून कोणाला हसू येईल. पण पाण्याची धार तुटून थेंब का होतात याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १८७८ सालीच मांडले होते. आज थेंब पानावर आदळून उसळेल की चिकटेल, पातळ थर किती वेगाने ओघळेल, हे संगणकावर काढतात. त्यातले दोन हिशेब आपल्या बांधावर उपयोगी आहेत.

पहिला थेंबाच्या आकाराचा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. ४०० मायक्रॉनचा एक थेंब फोडला तर १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात आणि तेवढ्याच पाण्यात चौपट जागा झाकली जाते. मग बारीकच फवारावे? थांबा. एक मीटर उंचीवरून नुसता सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब खाली यायला जवळजवळ चार सेकंद घेतो. वारा ताशी सात किलोमीटर असला तरी तेवढ्यात तो सात-आठ मीटर लांब जातो, म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात. ४०० मायक्रॉनचा सव्वा मीटरवर पडतो, पण पानावरून उसळण्याची भीती त्यालाच जास्त. म्हणून कीटकनाशकाला पोकळ शंकूचे नोझल लावा, झिजले की बदला, आणि वाऱ्यात पंप उचलूच नका.

दुसरा हिशेब ओल्या थराचा. पानावरचा थर दुप्पट जाड झाला की ओघळून जाणारे पाणी दुप्पट नव्हे, आठपट होते. पानाच्या टोकातून ठिबकू लागले की पुढचा फवारा तुमच्या पैशासकट चिखलात जातो. न्हाऊन निघाल्यासारखे पीक दिसले म्हणजे काम चोख झाले, ही समजूत फार महागात पडते. पान ओले झाले, ठिबकण्याआधी पुढे सरका.

स्टिकर घातला की थेंब पसरतो. तो लेबलवर लिहिला तेवढाच घाला; जास्त झाला तर तोच थर ओघळवतो. कपड्यांचा साबण खाऱ्या पाण्यात फेसच धरत नाही, तो इथे काय कामाचा? अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक कृपा वाराणसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक युक्ती दाखवली. विरुद्ध विद्युत्भार असलेली दोन द्रव्ये दोन वेगळ्या फवाऱ्यांतून सोडली, तर थेंब पानावर भेटताच तिथे चिकटणारे ठिपके तयार होतात आणि उसळणे थांबते.

तपकिरी तुडतुडे मात्र चुडाच्या बुंध्याशी बसतात. वरून कितीही सुरेख फवारा, त्यांना काही पोहोचत नाही. ओळी बाजूला करून नोझल खाली न्यावे लागते.

आणि उडणारा थेंब माणसावरही येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कापसावर फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक शेतकरी-मजूर दगावले. वाऱ्याकडे पाठ करा, वाऱ्याच्या दिशेनेच फवारा पुढे जाऊ द्या, तोंड झाका, हातमोजे घाला. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणाऱ्या माउलीच्या हातालाही औषध लागते. शेजारी जिताड्याचे तळे असेल तर त्या बाजूच्या ओळी, वारा तळ्याकडून शेताकडे येत असेल तेव्हाच फवारा.