हास्यवायूची बाटली

भाऊबीजेला झरी जामणीला बहिणीकडे जाताना ओवाळणीत काय घालावे, हा आमचा दरवर्षीचा पेच. यंदा तो भाच्यानेच सोडवला. "मामाजी, आईला साडी नका देऊ. आमच्या गाडीला नायट्रस बसवून द्या," असे म्हणून त्याने मोबाइलवर तीन चित्रे दाखवली. "यातलं कोणतं घ्यावं, ते सांगा फक्त."

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू. १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला, एवढीच आमची पुंजी. पण मास्तराच्या तोंडून 'ठाऊक नाही' हे शब्द निघत नाहीत. रात्र जागून वाचले.

गंमत अशी, की हा वायू स्वतः जळतच नाही. इंजिनाच्या उष्णतेत, तीनशे अंशांच्या सुमारास, तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. हवेत वजनाने प्राणवायू २३ टक्के, यात ३६. प्राणवायू जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून जोर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना उंचावरच्या विरळ हवेत हीच फुंकर देत असत.

पहिले चित्र 'कोरड्या' जोडणीचे: वायू तेवढा आपण सोडायचा, जादा पेट्रोलची तजवीज गाडीने करायची. ती चुकली की पिस्टन वितळला! दुसरी 'ओली', तिच्या एकाच तोटीतून वायू आणि पेट्रोल दोन्ही येतात. तिसरीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी तोटी, म्हणजे पंगतीत पानागणिक आचारी. ती शर्यतीच्या इंजिनांची, आणि भाच्याची नजर अर्थातच तिच्यावर. घ्यायचीच तर ओली घ्यावी आणि तोटी सर्वांत लहान, असे आमचे मत पडले. शिवाय ठिणगी थोडी उशिरा पडायला हवी. आणि पाय पुरता दाबून इंजिन वेगात फिरू लागल्याखेरीज झडप उघडू नये असा खटका हवा, नाहीतर साचलेले पेट्रोल नळीतच भडकते.

भाचा खूश. पण आम्ही बाटलीवर अडलो होतो.

"बाटली ठेवशील कुठं?"

"डिकीत."

हा वायू बाटलीत द्रवरूपाने असतो, तो साडेछत्तीस अंशांपर्यंतच. त्यापुढे द्रव उरतच नाही, दाब मात्र चढत जातो. थंड देशांतले शौकीन बाटलीला ऊब देणारी पट्टी विकत घेतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळिशीला टेकतो, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीचे काय सांगावे! दाब फार झाला की फुटणारी एक चकती बाटलीला असते. पण तिथून वायू गाडीबाहेर नेणारी नळी नसेल, तर तो बसणाऱ्यांच्याच अंगावर.

आणि एवढे करून साडेचार किलोंची बाटली शंभर अश्वशक्तींच्या झोताला पुरते जेमतेम दीड-दोन मिनिटे. ती उडवायची कुठे? मुकुटबनच्या रस्त्यावर, दिवाळीत कापसाने फुगलेल्या गाड्यांमधून? मोटार वाहन कायद्याला असा फेरफार मंजूर नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पाव मैलाच्या शर्यती आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत खऱ्या, पण ती राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"काहून घाबरवता मामाजी!" भाचा हिरमुसला.

तेवढ्यात बहीण फराळाचे घेऊन आली. गुडघ्याच्या औषधासाठी दर महिन्याला ती याच गाडीने पांढरकवड्याला जाते. "दादा, ते बसवल्यावर मी मागं बसायचं की पुढं?" तिने अगदी सरळ विचारले. बाटली तिच्या पाठीमागेच येणार होती. भाचा चकलीकडे पाहत राहिला.

साडी दिली. भाच्याला वेगळे पैसे दिले आणि कशासाठी ते सांगितले नाही. सकाळी निघताना पाहिले, तर तो अंगणात उकिडवा बसून टायरच्या खाचेत रुपयाचे नाणे घालून खोली मोजत होता.

"दोन गेलेत मामाजी," तो म्हणाला. "पुढचे."