खिशातले दगड

दिवाळीची आवराआवर निघाली, की ज्या घरात सहा ते बारा वर्षांचे मूल आहे तिथे कुठल्यातरी खणात, दप्तराच्या तळाशी किंवा धुवायच्या चड्डीच्या खिशात दगड सापडायचेच. "काय हा केर जमवलाय!" असे म्हणून घरची माउली ते खिडकीबाहेर टाकते. यंदा या पानावर मी त्या दगडांची वकिली करणार आहे. ते टाकू नका, रंगवायला घ्या. दोन-चार रंगांच्या बाटल्यांचा काय तो खर्च, आणि सुट्टीतल्या दोन दुपारी घर शांत.

दगडात कुणाला तरी पाहणे आपल्याला नवे नाही. कोकणस्थांच्या कित्येक घरी भाद्रपदात पाणवठ्यावरचे पाच-सात खडे आणले, की त्याच गौरी होतात. त्यांना नाकडोळे रेखावे लागत नाहीत. बारशाला वरवंट्याला टोपडे घालून पाळण्यावरून देतात, तेव्हाही कुणी त्याला तोंड काढत बसत नाही. दगड रंगवण्याच्या कलेतही हेच आधी शिकायचे. दगड हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवावा आणि तो कशासारखा दिसतो ते पाहावे. काहीच दिसले नाही, तर दुसरा घ्यावा.

आपल्या देशावरचा काळा दगड या कामी फार उपयोगी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा तो बनलेला आहे. त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले, भोके पडली आणि मागाहून त्यांत पांढरी खनिजे भरली. म्हणून पुष्कळ दगडांवर पांढरे ठिपके असतात. असा लांबट दगड मिळाला, तर पाठ निसर्गानेच रंगवून दिलेली असते. एक डोळा नि एक कान काढला, की झाले चितळ! त्यावर सगळीकडून रंग फासणे म्हणजे जरीच्या साडीवर ठिगळ लावणे. दगड आणावेत ते वाटेवरचे, ओढ्यातले, बांधकामाच्या ढिगातले. गडकिल्ल्यांवरचा दगड मात्र जागचा हलवू नये.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने अलिबागच्या किनाऱ्यावरून एक करडा दगड आणला होता. दोन रात्री तो तिच्या उशाशी होता. मुलगी शाळेत गेली असताना आईने हौसेने त्याला पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि वर मोर काढला. मोर खरोखर सुरेख होता. मुलगी आली, तिने पाहिले आणि म्हणाली, "पण तो झोपलेला कुत्रा होता." ती रडली नाही, पण दगडाला तिने पुन्हा हात लावला नाही. आई शहाणी. दोन दिवसांनी तिने पॉलिशपेपरने मोर घासून काढला आणि दगड मुलीपुढे ठेवला. मुलीने त्यावर दोन मिटलेले डोळे काढले. दोन रेघा, बस्स! तो कुत्रा अजून त्यांच्या फोनशेजारी झोपलेला आहे. तेव्हा मोठ्यांनी आपल्यासाठी वेगळा दगड घ्यावा. मुलाच्या दगडाला त्याने बोलावल्याशिवाय कुंचला लावू नये.

कृती सोपी आहे. दगड साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवावा व दोन दिवस उन्हात ठेवावा. आत ओल राहिली, तर रंगाचे पापुद्रे निघतात. घाईसाठी शेगडीवर मात्र कधीही तापवू नये. ओला दगड तडकून तुकडे अंगावर उडतात. ज्या भागावर रंग द्यायचा, तेवढ्यालाच पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात द्यावेत. नाहीतर काळ्या दगडावर पिवळा रंग मळकट दिसतो. आकृती खडूने काढावी. बारीक ठिपक्यांना काडेपेटीतल्या काडीचे मागचे टोक किंवा संपलेली रिफिल कुंचल्याहून बरी. पोस्टरचे रंग स्वस्त खरे. पण त्यांवर पाण्यात मिसळणारे वॉर्निश कुंचल्याने लावले, की रंग विरघळून फरफटतो. स्केचपेनचेही तेच. म्हणून अ‍ॅक्रिलिकच घ्यावे.

दोन वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. एक, माळ्यावरचा जुन्या तैलरंगाचा डबा. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे; त्याआधीच्या डब्यांत किती असेल, कोण सांगणार? दुसरी, देव्हाऱ्यातला शेंदूर. रंग झकास, हाताशी असतो, म्हणून मुले तो घेतात. पण शेंदूर म्हणजे बहुधा शिशाचेच भस्म. बोटाला लागून तोंडात गेला, तर मुलांच्या मेंदूला अपाय होतो. शिवाय शेंदरी दगड अंगणात विसरलात, तर सकाळी त्याच्यापुढे फूल वाहिलेले आढळेल आणि मग तो उचलायची सोय नाही!

दिवाळीत या दगडांना हक्काची जागा म्हणजे मुलांचा किल्ला. विकतच्या मावळ्यांशेजारी एक चपटा दगड निळा करून पाण्याचे टाके, दोन चौकोनी दगडांना खिडक्या काढून सदर, उभट दगडाचा बुरूज. माची, बालेकिल्ला, चोरदिंडी ही नावे दगडांवरच लिहावीत. कागदी पाट्या दवाने भिजतात. पणती मात्र रंगवलेल्या दगडावर ठेवू नये, रंग करपतो. तुळशीच्या लग्नानंतर माती कुंड्यांत जाते. दगड ओल्या फडक्याने पुसावेत, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून बुटांच्या खोक्यात ठेवावेत, आणि खोक्यावर ज्याचे त्याचे नाव घालावे. नाहीतर पुढच्या वर्षी चितळ कुणाचे यावरून भांडण ठरलेले!