जुनी मोटारसायकल मोडीत काढण्यापूर्वी

घराच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली एखादी जुनी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. एक दिवस भंगारवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो आणि अडगळ गेली म्हणून सगळ्यांना बरे वाटते. माझे मत निराळे आहे. ती देण्याआधी एक उन्हाळ्याची सुट्टी तिच्यासाठी राखून ठेवा. पदार्थविज्ञानाचे कितीतरी धडे तिच्यात हाताने शिकता येतात.

उदाहरणार्थ, 'जावा २५०' घेऊ. मूळची ही चेकोस्लोव्हाकियाची गाडी. १९६१ पासून ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७३ पासून तेथील गाड्यांना 'येझ्दी' हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. हिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा, उत्तर सुमारे २४९ घन सेंटिमीटर येते. 'अडीचशे सीसी' म्हणतात ते हेच!

आता इंजिन खोलू. पोलादी बेअरिंग अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणात घट्ट बसलेले असते. हातोडीने ठोकले तर आवरण तडकायचे. म्हणून जाणता मेकॅनिक आवरण तापवतो. तापल्यावर आवरणातले भोक लहान होईल की मोठे? वर्गात हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण 'लहान' म्हणतात. प्रत्यक्षात भोक मोठे होते. ६० मिलिमीटर व्यासाचे भोक ८० अंश सेल्सिअसने तापवले तर सुमारे ०.११ मिलिमीटरने रुंदावते. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ निम्मेच प्रसरण पावते, त्यामुळे बेअरिंग सैल होऊन अलगद निघते.

ठिणगीचेही तसेच. बॅटरी अवघी ६ व्होल्टची, पण प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तोडला की तिथले चुंबकीय क्षेत्र नाहीसे होते आणि पुष्कळ वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ३००० फेरे झाले तर सेकंदाला ५० ठिणग्या!

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. गाडी सुरू होत नसली की पुष्कळ जण आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर. शेवटी गाडी सुरू होते, पण बिघाड कशात होता ते कळत नाही. पैसा जातो आणि ज्ञानही मिळत नाही. त्यापेक्षा असा विचार करा. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण, सिलिंडरात पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. किका मारून झाल्यावर प्लग काढून पाहा. तो ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, मग ठिणगीकडे वळा. कोरडा असेल तर पेट्रोलचा नळ आणि कार्ब्युरेटरचा जेट तपासा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. ही तुमची खरी प्रयोगवही! कॉलेजच्या प्रयोगात उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून काही मुले शेजाऱ्याची निरीक्षणे उतरवून घेतात. मोटारसायकलीपुढे ती युक्ती चालत नाही. तर्क चुकला तर इंजिन गप्प बसते.

यावर कोणी म्हणेल की, असली इंजिने धूर ओकतात. आक्षेप खरा आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि थोडे ताजे मिश्रण न जळताच बाहेर पडते. म्हणून ही गाडी रोज रस्त्यावर आणू नये, असेच मी म्हणेन. ती शिकण्यासाठी दुरुस्त करावी आणि क्वचित चालवून पाहावी.

काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. ठिणगी तपासताना जवळपास पेट्रोल किंवा त्याची वाफ नसावी. बंद गॅरेजात इंजिन कधीही चालवू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

घरी जागा नसेल तर मुला-मुलींनी मिळून आपल्या विज्ञान शिक्षकांना विचारावे. शाळेच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर जुने इंजिन सहज मावते. भंगाराच्या भावात ते मिळू शकते, आणि दरवर्षी नव्या वर्गाला खोलून पुन्हा जोडता येते.