चिप चांगली होती, तरीही

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर फराळाऐवजी संगणकाची चिप वाढली, म्हणून वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. विषय तसा आपल्या वऱ्हाडातलाच. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सुरू झाला.

एवढे भाषणांत येते. त्या परमच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, हे येत नाही. शेजारच्या चिपशी बोलायला प्रत्येक चिपवरच चार दुवे. कितीही चिप एकत्र जुंपा. कल्पना काळाच्या पुढची. पण तिच्यासाठी घडवलेली ऑकम भाषा शिकायची कोणी? इंटेलच्या चिपसाठी जगाने आधीच ढीगभर प्रोग्रॅम लिहून ठेवले होते. खपातून पैसा, पैशातून नवा कारखाना, कारखान्यातून आणखी वेगवान चिप. इनमॉसची टी९००० रखडली. सी-डॅकनेही पुढच्या परममध्ये इंटेलची आय८६० बसवली.

सवय किती चिवट असते ते आमच्या पिंपळगाव राजात बघा. लेखक मजकूर युनिकोडमध्ये व्हॉट्सॲपवर पाठवतात. डीटीपीवाला तो सी-डॅकच्या जुन्या ‘योगेश’ फाँटमध्ये बदलून घेतो आणि मग जोडाक्षरे तपासत बसतो. कारण त्याची सगळी जुनी पाने त्यातच आहेत. इथे मक्तेदार सी-डॅक!

इंटेलपुढे एएमडी टिकली, तीही इंटेलसाठी लिहिलेलेच प्रोग्रॅम चालवून. तिच्या १९९७ च्या के६ मागे पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते, आधी इंटेलमध्ये पेंटियम घडवणारे. घरचा भेदी म्हणा हवे तर. लंका काही जळली नाही, पीसी मात्र स्वस्त झाला.

आता दरारा एन्व्हिडियाचा. २००७ पासून प्रोग्रॅमर तिच्या चिपसाठीच्या ‘कुडा’ या प्रोग्रॅमिंग प्रणालीत रुळले आहेत, आणि २०२० च्या ‘परम सिद्धी-एआय’तही तिच्याच चिप आहेत.

सी-डॅकने ‘वेगा’ हे स्वतःचे प्रोसेसर केले आहेत. ते एन्व्हिडियाला कधी हरवणार, हा प्रश्नच आम्हाला फोल वाटतो. विजेचे मीटर, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, पंपाचा स्टार्टर यांत कोणाची चिप आहे, हे ग्राहक विचारत नाही. जुन्या प्रोग्रॅमचे ओझेही तिथे कमी. सरकारने सत्काराच्या शाली आवरून तिथली दहा वर्षांची खरेदी आधी पक्की करावी. हे पटत नसेल तर कडक पत्र लिहा, छापू. दिवाळीच्या शुभेच्छा.