क्राफ्ट म्हणजे हातभट्टीच की!

मागच्या महिन्यात माझ्या पुण्यातल्या फ्लॅटवर आम्ही पाच जण बसलो होतो. सगळे आयटीतले, सगळे तिशीच्या अलीकडचे. टेबलावर मायक्रोब्रुअरीतून भरून आणलेली बिअर, शेजारी एक सिंगल माल्ट. मी माझ्या खिशातल्या चाकूनं चीज कापत होतो. एक मित्र घोट घेऊन म्हणाला, “यार, स्मॉल बॅच, हँडक्राफ्टेड. फरक कळतो.”

मी म्हटलं, “याला मराठीत शब्द आहे. हातभट्टी.”

सगळे खो खो हसले. मीही हसलो. रात्री ग्लास विसळताना मात्र तो विनोद घशाशी अडकला. हातानं, थोडी थोडी, छोट्या भट्टीवर केलेली. ‘हँडक्राफ्टेड’चा अर्थ याहून वेगळा काय आहे? इंग्रजीत तोच शब्द मेन्यूकार्डावर येतो, दर वाढवतो. मराठीत तो पोलिसांच्या पंचनाम्यात येतो.

(बिअर भट्टीवर उतरवत नाहीत, नुसती आंबवतात, हे मला माहीत आहे. व्हिस्कीला तरी तो शब्द अक्षरशः लागू पडतो की नाही?)

आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे हा कुणी दारूबंदीवाला किंवा संस्कृतिरक्षक बोलतोय असं वाटायला नको. मला बिअर आवडते, व्हिस्की आवडते आणि मी खिशातले जुन्या धाटणीचे चाकू जमवतो. सध्या अकरा आहेत. त्यातला लाडका म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल, नंबर आठ. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ. १८९० पासून सव्वा प्रांतातल्या डोंगरी शेतकऱ्यांसाठी बनत आलेला. १९५५ साली त्याला एक फिरती कडी आली. कडी फिरवली की पातं अडकतं, बोटावर मिटत नाही. एवढंच. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला अशी वस्तू पाहून बरं वाटतं. एकच काम, मोजके भाग, कुठलाही अपडेट नाही.

दुसरा जपानचा हिगोनोकामी. पत्रा दुमडून केलेली मूठ, ना स्प्रिंग ना कडी. पात्याच्या मागच्या शेपटीवर अंगठा दाबून ठेवायचा. जपानी शाळकरी पोरं त्यानं पेन्सिली तासायची.

म्हणजे बघा, एक शेतकऱ्याचा चाकू, एक पोरांचा. दोन्ही स्वस्त, दोन्ही साध्या माणसांचे. आज मी ते काचेच्या कपाटात ठेवतो आणि ‘हेरिटेज’ म्हणतो.

आता व्हिस्कीकडे या. स्कॉटलंडच्या ज्या सिंगल माल्टपुढे आपण आवाज खाली करून बोलतो, तिचा जन्म कुठला? हातभट्टीतला. डोंगरदऱ्यांत लपवलेल्या भट्ट्या, रात्री तट्टांवरून जाणारा माल, मागावर असलेले अबकारी शिपाई. कर इतका जास्त होता की परवाना घेऊन छोटी भट्टी चालवणं परवडतच नव्हतं. मग १८२३ साली कायदा बदलला. कर उतरवला आणि दहा पौंडांत परवाना मिळू लागला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथनं परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके चिडले, की त्याला कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरावं लागलं.

त्या खोऱ्यातलं पाणी बदललं नव्हतं, बार्ली बदलली नव्हती. बदलला होता कायदा. त्या एका बदलानं गुन्हेगाराचा उद्योजक झाला आणि हातभट्टीची सिंगल माल्ट झाली.

आपल्याकडे काय झालं? नेमकं उलटं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू गाळणं मोठ्या ठेकेदारांच्या हातात नेलं. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल वेचून घरी ठेवणं हासुद्धा संशयाचा विषय झाला. जे फूल आदिवासी घरात खाणं होतं, औषध होतं, देवापुढचा नैवेद्य होतं, ते सरकारी महसुलाच्या आड येत होतं. इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. कागदोपत्री मला माझ्याच घरात व्हिस्की प्यायला परवाना लागतो. पण मला कोण विचारतं? धाड पडते ती पाड्यावर. माझ्या सोसायटीत फक्त डिलिव्हरीवाला येतो.

सीमेवरचं उदाहरण घ्या. काजूचं झाड गोव्यातही तेच आणि सिंधुदुर्गातही तेच. गोव्यात बोंडूचा रस आंबवून, भट्टीवर उतरवून फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. सीमेच्या अलीकडे बी काढून घेतली की कितीतरी बोंडं बागेतच कुजतात. झाडाला राज्याची हद्द कळत नाही, पण त्याच्या फळाची किंमत ती हद्दच ठरवते.

चाकूची गोष्टही याच वळणानं जाते. मी ‘चाकू जमवतो’ म्हटलं की आई दचकते. ‘ओपिनेल’ म्हटलं की मित्र लिंक मागतात. ‘रामपुरी’ म्हटलं की सगळ्यांना सिनेमातला खलनायक आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कारागीर नवाबी काळापासून घडीचे चाकू करत आले. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारनं साडेचार इंचांहून मोठ्या पात्यावर बंदी घातली आणि धंदा बसला. २०२३ साली त्याच शहरातल्या चौकात वीस फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं. धंदा बसल्यावर पुतळा उभारायचा, ही आपली जुनीच रीत.

पण सरकारला शिव्या घालणं सोपं आहे. आता माझीच गोष्ट सांगतो.

दिवाळीआधी हायवेच्या कडेला एक घिसाडी कुटुंब पाल ठोकून बसलं होतं. बापाच्या हातात सांडशी, लेक भाता फिरवतेय, आई घण मारतेय. ट्रकच्या जुन्या पाट्याचे तुकडे तापवून त्यातून कोयते, विळ्या, खुरपी काढत होते. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग. त्याच जातीचं पोलाद परदेशातले हौशी चाकूवाले मुद्दाम मागवतात, कारण ते चिवट असतं, तुटत नाही. त्या बाईनं लालबुंद धारेला पाणी दिलं, तेव्हा रंग बघून नेमक्या क्षणी बाहेर काढलं. ना थर्मामीटर, ना टायमर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात मी हीट ट्रीटमेंटचा पेपर देऊन आलोय. ते माझ्या बापजन्मात जमणार नाही.

मी एक छोटी कोयती उचलली. “कितीला, मावशी?”

“साडेतीनशे, दादा.”

“अडीचशे घ्या.”

तिनं दिली. मी जिंकल्याच्या आनंदात गाडीत बसलो. त्याच आठवड्यात मी एक परदेशी चाकू मागवला होता. त्याच्या किमतीत तशा डझनभर कोयत्या आल्या असत्या. तिथे मी घासाघीस केली नव्हती, कस्टमचे पैसेसुद्धा मुकाट भरले होते.

मराठीत उरकाउरकीला आपण ‘घिसाडघाई’ म्हणतो. शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, ऐकणाऱ्याला त्यात त्या लोकांचं नाव ऐकू येतंच. ज्या हातांना घाई परवडतच नाही, त्यांच्या नावाशी आपण घाई चिकटवली. दारूलाही तसंच. ‘गावठी’ म्हणजे गावातली, ‘देशी’ म्हणजे देशातली. दोन्ही शब्दांनी आपण नाक मुरडतो. आपल्याला हातानं केलेली वस्तू हवी असते, फक्त तो हात आपल्या ओळखीच्या जातीचा, आपल्या शिवारातला नको असतो. तो सव्वातला असला की कलाकार, पाड्यावरचा असला की आरोपी.

आता आक्षेप. मला माहितीये काय म्हणणार आहात. “हातभट्टीनं माणसं मरतात.” मरतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. त्यांच्यावर विनोद करायची माझी हिंमत नाही. पण ती मोहाच्या फुलानं मारली का? ती मेथॅनॉलनं मारली. कारखान्यात वापरायचं ते रसायन चोरवाटेनं बाहेर आलं आणि दारू म्हणून विकलं गेलं. ते कुणाचं क्राफ्ट नव्हतं. जिथे चांगलं करणाऱ्याला परवाना नाही, तिथे विष विकणाऱ्याला स्पर्धाही नसते आणि तपासणीही नसते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. गावोगाव बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणत मतदान करून दुकानं बंद पाडली. गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. घरात रोज मार खाणाऱ्या बाईला मी हेरिटेज शिकवायला जाणार नाही. दारू वाईटच, असं जो म्हणतो आणि स्वतः पीत नाही, त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. पण तो मुद्दा तुमच्या-माझ्या तोंडी शोभत नाही. हातात साडेचारशे रुपयांचा आयपीएचा ग्लास धरून ‘हातभट्टीनं संसार उद्ध्वस्त होतात’ असं म्हणायचं असेल, तर आधी ग्लास खाली ठेवा. संसार बाटलीवरचं लेबल वाचून मोडत नाहीत.

मग करायचं काय? स्कॉटलंडनं दोनशे वर्षांपूर्वी केलं तेच. लहान भट्टीला परवडेल असा परवाना, प्रत्येक घाण्याची तपासणी, उघड विक्री. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला ‘हेरिटेज लिकर’ म्हणून वाट काढून दिली आहे, म्हणजे हे भारतात अशक्य नाही. फक्त परवाना वेचणाऱ्या बायकांच्या गटाला द्या, ग्रामसभेला विचारून द्या. तिनं नको म्हटलं तर नको. नाहीतर उद्या एखादी कंपनी बाटलीवर वारली चित्र छापेल, तीन हजारांना विकेल, आणि आपण पाच जण त्याच टेबलावर बसून ‘नोट्स’ शोधत बसू. फुलं वेचणारीला किलोमागे काय मिळालं, हे लेबलवर नसेल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते मात्र आजपासून करता येईल. रस्त्याकडेच्या पालावर घासाघीस करू नका. वस्तू कुणी केली त्याचं नाव विचारा, जसं डिस्टिलरीचं विचारता. मी विचारलं नव्हतं. आठवड्यानं शंभर रुपये द्यायला परत गेलो, तर पाल उठलं होतं. राखेचा गोल तेवढा उरला होता.

ती कोयती आता माझ्या कपाटात बाकीच्या अकरांच्या शेजारी आहे. ओपिनेलखाली ठिकाण लिहिलंय, वर्ष लिहिलंय, करणाऱ्याचं घराणं लिहिलंय. कोयतीखालची चिठ्ठी कोरी आहे. नारळ सोलायला मात्र मी तीच काढतो.