मुंबईची सहल लालबागलाही जावी

मुंबई पाहून आलेल्या माणसाला विचारा, "काय काय पाहिलंत?" तो लगेच सांगतो, "गेट वे ऑफ इंडिया, म्युझियम, व्ही. टी. स्टेशन, राणीची बाग." आमच्या सहलीच्या यादीतही हीच नावे आहेत. ही ठिकाणे जरूर पाहावीत. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून गेट वे बांधले. ते १९२४ साली पुरे झाले. आणि १९४८ साली इंग्रजांची शेवटची पलटण त्याच दारातून परत गेली!

पण मला वाटते, साहेबाची मुंबई पाहायची आणि आपल्या माणसांची नाही, हे काही बरोबर नाही. आपल्या गावातील पुष्कळ घरांतले आजोबा-पणजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला होते. गिरणीत रात्रंदिवस पाळ्या चालत. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहत. ते खानावळीत जेवत आणि पगार झाला की गावी मनिऑर्डर करत. त्यावर इथली चूल पेटायची. हुतात्मा बाबू गेनू हासुद्धा गिरणी कामगारच. तो आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्याने प्राण दिले. परळच्या बी. आय. टी. चाळीत तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुष्कळ वर्षे राहिले.

कोणी म्हणेल, चाळीत आणि गिरणीच्या चिमणीत काय बघायचंय? मी म्हणतो, बघायचंय. १९८२ साली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप केला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता तेथे उंच उंच इमारती झाल्या आहेत. चिमण्या थोड्याच उरल्या आहेत. आम्ही मोठे झालो तरी गेट वे तेथेच असेल. चिमण्या असतील का? मग आधी काय पाहावे?

व्ही. टी.ला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, धिमी लोकल पकडली की थोड्याच वेळात चिंचपोकळी येते. तेथून लालबागला चालत जाता येते. जास्त खर्च नाही.

शाळेत येणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातले कोणी गिरणीत असतील तर गिरणीचे आणि चाळीचे नाव आम्हांला सांगा. आम्ही ती नावे वहीत लिहून नेऊ आणि गुरुजींबरोबर ती जागा शोधू. चिमणी दिसली तर तिचे चित्र काढून याच भित्तिपत्रकावर लावू.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी